रडक्या तोंडाखालचा चिंचोका

माझा धाकटा भाऊ दिगू रडायला लागला की आमच्या घरातली तिन्ही माणसं एकच वाक्य म्हणायची, "हस बघू." आई ओट्यापाशी असेल तर तिथून, नाना, म्हणजे आमचे वडील, वर्तमानपत्राच्या आडून आणि मी जिथे असेन तिथून. दिगू ओठ आवळायचा, नाक वर ओढायचा, आणि मग खरोखरच हसून दाखवायचा. हसला की आई फडताळातला डबा काढून त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. "शहाणं गं माझं बाळ." गूळ तोंडात गेला की रडणं संपलं, असं आम्ही धरून चालायचो. दिगूला बोलणं फार उशिरा आलं, तेही दोन-तीन शब्दांपुरतं. वयाच्या मानानं समज मागे राहिली, आणि डावा पाय जन्मापासूनच आत वळलेला. डॉक्टरांनी त्याला काय नाव दिलं होतं ते सांगत बसत नाही. झाशीत दतिया गेटजवळच्या आमच्या गल्लीत त्याला एकच नाव होतं, भोला. आणि खालच्या मजल्यावरच्या चाची इतक्या प्रेमळ होत्या की दिगूनं जरा सूर लावला की जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारायच्या, "काय बिन्नू, लल्ला काय रो रओ?" बाळ का रडतंय गं? त्यांच्या विचारण्यात काही वाईट नव्हतं. पण आईला ते सहन होत नसे. आपलं मूल रडतंय हे जगाला कळू नये, एवढ्यासाठी ती दिवसभर कान टवकारून असायची.

आमचं घराणं झाशीत कधी आलं, कुणाच्या पदरी आलं, ही कीर्तनं नाना पाहुण्यांपुढे लावत, मी नाही लावणार. मला आठवतं ते एवढंच, की घरात मराठी, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. सकाळी रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा झाला की नाना डबा घेऊन निघायचे. ते तिथल्या गोदामात कारकून होते. मग आईचं लाटणं, खाली चाचींचा हापसा, समोरच्या हलवायाची भट्टी पेटल्याचा वास. उन्हाळ्यात अकरा वाजल्यापासून लू सुटायची. गल्लीतून तापलेला वारा सूं सूं करत फिरे आणि पत्र्याच्या कूलरमधून पाणी टपटपत राही. त्या दिवसांत आमच्याकडे स्वयंपाक म्हणजे मेतकूट-भात, कैरीचं पन्हं, आणि रात्रीसाठी थंड पाण्यात ठेवलेलं खरबूज. दिगू खरबुजाच्या बिया काढून, धुऊन, उन्हात ओळीनं मांडायचा. तासन् तास. एक बी जरी कुणी हलवली तरी त्याला कळायचं, आणि तो ती परत जागेवर आणून ठेवायचा. ही गोष्ट मी रोज डोळ्यांनी पाहत होते, तरी तिचा अर्थ मला लागला नाही. अहो, घरातल्या माणसाकडे नीट बघतं कोण?

दिगू तेरा वर्षांचा झाला तेव्हा जवळच्याच एका धर्मशाळेच्या मागच्या दोन खोल्यांत त्याच्यासारख्या मुलांचा वर्ग सुरू झाला. चालवणाऱ्या बाई बबीन्याहून सकाळच्या बसनं यायच्या. यजमान फौजेत होते, वारले होते. मुलगा दूर. उंच, कडक इस्त्रीची सुती साडी, गुडघेदुखीनं किंचित वाकलेली चाल. सगळे त्यांना मॅडमजी म्हणत. त्यांची अट अशी की सुरुवातीला मुलाबरोबर घरचं एक माणूस थांबलंच पाहिजे. आईला घर होतं, नानांना नोकरी होती. मी एकोणीस वर्षांची, बी.ए.ला बाहेरून बसलेली, म्हणजे घरच्यांच्या भाषेत 'मोकळीच'. झालं. मी दिगूला घेऊन जाऊ लागले आणि महिन्याभरात मॅडमजींनी माझ्या हातात खडू दिला. मला शिक्षिका व्हायचं नव्हतं. मला नागपूरला मावशीकडे जाऊन एम.ए. करायचं होतं. पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. हसून दाखवायची सवय काय एकट्या दिगूलाच होती होय?

वर्गात नऊ मुलं. कुणी गप्प, कुणी सारखं डोलणारं, कुणी दिसेल त्याला मिठी मारणारं. ब्रजेश नावाचा एक मुलगा मऊरानीपूरच्या धान्याच्या व्यापाऱ्याचा, मामाकडे राहायचा. तो रोज आल्या आल्या दाराला डोकं आपटायचा. अक्षरं आणि आकडे नंतर, असं मॅडमजींचं म्हणणं. "पहले इनको ये तो पता चले कि अंदर क्या हो रहा है," त्या म्हणायच्या. आपल्याला आत काय होतंय ते ओळखणं, ते दुसऱ्याला सांगणं आणि दुसऱ्याचं ओळखणं, हाच त्यांचा पहिला धडा होता, आणि वर्षभर तोच चालायचा. त्यासाठी त्यांनी एक लाकडी फळी करून घेतली होती. तिच्यावर ऑइलपेंटनं चार तोंडं काढलेली, हसरं, रडकं, रागीट आणि घाबरलेलं. प्रत्येकाच्या खाली खिळ्यानं बसवलेली एकेक पत्र्याची वाटी. प्रत्येक मुलाची स्वतःची एक खूण असे. ब्रजेशची किल्ली, कुणाचं बटण, कुणाची कवडी. दिगूनं घरून आईच्या सारीपाटातला चिंचोका आणला होता, एका बाजूनं घासून पांढरा केलेला. सकाळी आल्यावर मुलांनी आपापली खूण ज्या त्या तोंडाखाली ठेवायची. खूण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथेच राहायची. मग आम्ही एकेकाजवळ बसून विचारायचं, का रे बाबा? काय झालं? कुठे दुखतंय का? कोण बोललं? बोलता येत नसेल त्याच्याकडून बोटानं दाखवून घ्यायचं. मॅडमजींचा मला एकच नियम होता. "कुछ भी रखें, पूछना. ठीक मत करना, बिटिया." काहीही ठेवू देत, विचारायचं. दुरुस्त करायचं नाही.

परवा आमच्या शाळेत (त्या वर्गाचीच पुढे शाळा झाली) नव्या मुलींसाठी प्रशिक्षण होतं, मोठ्या पडद्यावर. मी निवृत्त झाले तरी मला अजून बोलावतात, खुर्ची देतात, चहा देतात. पडद्यावर गोल गोल पिवळी तोंडं आली आणि एक गोड मुलगी म्हणाली, जे मूल हसरं तोंड निवडेल त्याला आपण स्टार देणार. मी हात वर केला. म्हटलं, "बेटा, स्टार किसलिए?" ती म्हणाली, "मॅम, मोटिवेशन." मी हात खाली घेतला. इतक्या वर्षांनी तेच समजावायचं म्हणजे कंटाळा येतो हो. पण घरी येताना रिक्षात स्वतःचीच चीड आली, म्हणून हे लिहायला बसले आहे. दिगू समोर कूलरच्या वाऱ्यात लसूण सोलतोय. केस पांढरे झालेत त्याचे. मी विचारलं, "तुझ्याबद्दल लिहू का रे?" तो म्हणाला, "लिही." मग एक पाकळी सोलून म्हणाला, "सगळं."

तर सगळं. वर्ग सुरू झाला त्यानंतरच्या उन्हाळ्यात मॅडमजींचा गुडघा इतका सुजला की त्यांना बसमध्ये चढवेना. वर्ग पंधरा-वीस दिवस माझ्या एकटीच्या गळ्यात पडला. नऊ मुलं, दोन खोल्या, एक पंखा, आणि तोही वीज असली तर. फळीपाशी प्रत्येकाजवळ बसून विचारायला दहा-दहा मिनिटं लागत. रडक्या वाटीत चार खुणा पडल्या की माझा सकाळचा अर्धा वेळ गेला म्हणून समजा. तेव्हा मला एक शक्कल सुचली. शक्कल कसली, आमच्याच घरातला गुळाचा डबा. मी दतिया गेटच्या बाजारातून रेवड्या आणल्या आणि जाहीर केलं, हसऱ्या तोंडाखाली खूण ठेवेल त्याला एक रेवडी. तिसऱ्या दिवशी नवांपैकी आठ खुणा हसऱ्या वाटीत. ब्रजेश दाराला डोकं आपटायचा, मग येऊन किल्ली हसऱ्या वाटीत टाकायचा आणि हात पुढे करायचा. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण हसरं म्हटलं की विचारावं लागत नव्हतं. सरळ पाटी-खडूकडे जाता येत होतं. मला किती हायसं वाटायचं, काय सांगू.

त्याच सुमारास एका शिबिरात दिगूला बूट मिळाले होते. घोट्याच्या वर येणारे चामडी बूट, बाजूला लोखंडी पट्टी, पाय सरळ व्हावा म्हणून. आई हरखून गेली. बूट जपून वापरायचे, टाच झिजता कामा नये, म्हणून नानांनी दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या मोच्याकडून टाचांना लोखंडी नाल ठोकून घेतले. आमच्या घरी नव्या बुटाला नाल ठोकल्याशिवाय तो घालायचाच नाही अशी पद्धत होती. नानांच्या वडिलांपासूनची. सकाळी आई स्वतः खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायची, घट्ट, कारण सैल राहिल्या तर उपयोग नाही असं शिबिरात सांगितलं होतं. संध्याकाळी मात्र दिगू बूट स्वतः काढायचा. ते मीच शिकवलं होतं त्याला, आणि आंघोळही दार लावून स्वतःची स्वतः करायची हे नानांनी. त्या दिवसांत तो पायातले मोजे काढेनासा झाला. मोजे घालूनच झोपायचा. आई कौतुकानं म्हणाली, "नवे मोजे आवडलेत हो स्वारीला." लंगडत तर तो आधीपासूनच होता. जड बुटात जरा जास्त लंगडेल, त्यात काय एवढं, असं आम्हाला तिघांनाही वाटलं.

बूट मिळाल्याच्या चौथ्या का पाचव्या दिवशीची सकाळ. वीज गेलेली. ब्रजेशनं डोकं आपटून भुवईवर टेंगूळ आणलेलं, एका मुलीनं कपडे ओले केलेले, आणि मी आदल्या दिवशीच नागपूरच्या मावशीचं पत्र वाचलेलं, की यंदा प्रवेशाची मुदत संपत आली, तू येणार की नाही? दिगू फळीपुढे उभा होता. बराच वेळ. मग त्यानं चिंचोका रडक्या तोंडाखाली ठेवला. ठेवला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याजवळ गेले. विचारायचं होतं, दहा मिनिटांचं काम. त्याला शब्द सापडले नसते, पण बोट सापडलं असतं. मी काय केलं? मी तो चिंचोका उचलला, हसऱ्या तोंडाखाली ठेवला, आणि त्याचा गाल ओढून म्हटलं, "वेडोबा, हे नाही आपलं तोंड. हस बघू." तो हसला. मी रेवडी दिली. त्यानं ती तोंडात टाकली नाही, मुठीत धरून जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आधी जाऊन पाहिलं की चिंचोका कुठल्या वाटीत आहे. हसऱ्या वाटीत होता. त्या दिवसापासून तो न थांबता, न बघता चिंचोका हसऱ्या वाटीतच ठेवू लागला. मी मनात म्हटलं, चला, हाही सुधारला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी आई त्याला जेवायला उठवायला गेली आणि तिथूनच ओरडली. अंग तव्यासारखं तापलेलं. मोजा टाचेला चिकटलेला. कात्रीनं कापून काढावा लागला. तो वास मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. नालाचा एक खिळा तळ फोडून आत आला होता, आणि दिगू इतके दिवस त्या खिळ्यावर पाय टेकून घरापासून वर्गापर्यंत, वर्गापासून घरापर्यंत चालत होता. नाना कारखान्यातून आले ते तसेच त्याला पाठीवर घेऊन जिना उतरले. चाची मागे धावल्या, पदराला डोळे पुसत, "हाय राम, लल्ला ने एक बेर नईं कई!" एकदाही बोलला नाही गं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी जखम उघडून पाहिली आणि नानांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे दोन हातांवर, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. हाडापर्यंत गेलं असेल तर पाय ठेवता येणार नाही. चार-पाच दिवस बघू.

ते दिवस आम्ही तिघं त्या वॉर्डातल्या एका बाकावर काढले. नाना सारखे म्हणत, "मीच ठोकले ते नाल. मीच." आई म्हणायची, "बूट तर मीच बांधत होते ना? इतके घट्ट? आईला कळायला नको?" दोघं एकमेकांची समजूत घालत आणि मग माझी घालत, की तू नको वाईट वाटून घेऊस, तू तर बिचारी दिवसभर त्याच्यासाठी राबतेस. मी मान हलवायचे. मला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मी इतकी दमले होते की कबूल करायलाही अंगात त्राण नव्हतं. तिसऱ्या दिवशी दिगूचा ताप जरा उतरला. उशीला टेकवून बसवला तर त्यानं चादरीवर औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवलं. मग ते उचलून वीतभर बाजूला ठेवलं. परत जागेवर आणलं. परत बाजूला. आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचा. आई म्हणाली, "बघ बाई, खेळायला लागला. आता बरं वाटतंय त्याला." खेळत नव्हता तो. मला सांगत होता. त्या वॉर्डात ते फक्त आम्हा दोघांना समजत होतं, आणि मी उठून पाणी आणायला गेले.

पाय वाचला. टाचेचा मांसल भाग गेला, पाय आणखी वाकडा झाला, आणि त्यानं बूट म्हणून पुन्हा कधी पायात घातले नाहीत, पण पाय वाचला. सुट्टीनंतर वर्ग पुन्हा भरला तेव्हा मॅडमजी काठी टेकत आल्या. मी रेवड्यांचा डबा आधीच फेकून दिला होता. पहिल्याच दिवशी, मुलं गेल्यावर, मी त्यांना सगळं सांगितलं. रेवड्या, तो चिंचोका, इस्पितळातलं झाकण, सगळं. सांगताना मी हमसून हमसून रडले. मला वाटलं, आता या म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. मनातून थोडी आशाही होती त्याची. त्यांनी मला गप्प केलं नाही. पाणीही दिलं नाही. रडू दिलं. मग खांद्यावरच्या पिशवीतून फौजी कोटाचं एक पितळी बटण काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "कल से तुम भी रखोगी." उद्यापासून तूही ठेवायचं. "और झूठ मत रखना."

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांच्या देखत मी माझं बटण रडक्या वाटीत ठेवलं. मास्तरणीला रडकं तोंड असतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ब्रजेश डोकं आपटायचं विसरून बघत राहिला. दिगूनं आपला चिंचोका सवयीनं हसऱ्या वाटीत टाकला होता आणि माझ्या हाताकडे बघत उभा होता. रेवडी नव्हती. मग तो स्वतःच्या काठीच्या आधारानं फळीपर्यंत परत गेला, माझं बटण उचललं, हसऱ्या वाटीत ठेवलं, माझा गाल धरला आणि म्हणाला, "ताई, हस बघू." अगदी माझ्याच सुरात. देवा, माझं काय झालं असेल! मी बटण परत रडक्या वाटीत ठेवलं. म्हटलं, "नाही दिगू. माझं हेच आहे आज. राहू दे." त्यानं पुन्हा उचललं. मी पुन्हा ठेवलं. असं चार-पाचदा झालं. शेवटी त्यानं हात मागे घेतला. दिवसभर अधूनमधून तो जाऊन बघायचा की बटण कुठे आहे.

असे कित्येक आठवडे गेले. गोष्टीत वाचायला बरं वाटतं, की एके दिवशी मूल बदललं. रोज सकाळी तेच करायचं असतं आणि रोज काही होत नाही, याला शिकवणं म्हणतात. मी रोज बटण ठेवायचे, रडकं, कधी घाबरलेलं, एकदा खरंच हसरं. रोज सगळ्यांना विचारायचे, हसऱ्यावाल्यांनाही. "क्यों ब्रजेश, आज हँसता चेहरा क्यों?" कंबर मोडायची जमिनीवर बसून. नागपूरची मुदत टळून गेली होती. मावशीनं दुसरं पत्र पाठवलं नाही. घरी आई अजूनही संध्याकाळी दिगूच्या टाचेला तेल लावताना म्हणायची, "मीच बांधले गं." आणि मी समोर बसून भाजी निवडायचे. दिगूचा चिंचोका हसऱ्या वाटीतच. मला वाटायला लागलं, गेलं हे. पाय वाचला, पण हे गेलं. आता याला आयुष्यभर कुठे काही टोचलं तरी कळणार नाही आपल्याला.

नवरात्राच्या आधीची सकाळ असेल. दिगू फळीपुढे थांबला. त्या एका सकाळनंतर पहिल्यांदाच थांबला. चिंचोका हसऱ्यावर नेला, तिथून रडक्यावर, मग हात मध्येच राहिला. मॅडमजींनी दुरून काठीनंच मला खूण केली की जागची हलू नकोस. त्यानं चिंचोका रागीट तोंडाखाली ठेवला. तिथे आजवर त्यानं कधी काही ठेवलं नव्हतं. आमच्या घरात दिगू रागावतो हेच कुणाला माहीत नव्हतं. मी जवळ जाऊन खाली बसले. "राग आला दिगू? कुणाचा राग आला?" त्यानं बोट उचललं आणि माझ्या छातीवर टेकवलं. "तुझा." मग वाकून आपली टाच दाखवली. मग रडक्या वाटीतून हसऱ्या वाटीपर्यंत हवेत बोट फिरवलं, सावकाश, मला नीट समजावं म्हणून. माझा हात सवयीनं त्याच्या गालाकडे निघाला होता. तो मी मांडीखाली दाबून धरला. म्हटलं, "हो. मीच हलवला. चुकलं माझं." त्यानं मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसला. हसला नाही, आणि मी हस म्हटलं नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. मी एका दमात बोलून टाकलं, थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. ती वळली नाही. तव्यावरची पोळी काळी पडली, धूर झाला, तरी तिनं उलटली नाही. मी म्हटलं, "आई, बोल ना काहीतरी. रागाव ना." तेव्हा तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून म्हणाली, "त्यानं सांगितलं होतं म्हणजे. सांगितलं होतं त्यानं." आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, दार उघडं होतं तरी. खालून चाचींनी विचारलं, "का भओ?" काय झालं? नाना वर्तमानपत्र बाजूला ठेवून आत आले, दिगू आला, आणि आम्ही तिघंही तिच्याजवळ उभे राहिलो. ते वाक्य कुणीही म्हणालं नाही. थोड्या वेळानं दिगूच जिन्यापर्यंत गेला आणि खाली वाकून चाचींना म्हणाला, "आई रडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर्गात पोचलो तेव्हा अजून कुणी आलं नव्हतं. मॅडमजींची बस यायची होती. मी कुलूप काढलं. दिगू चपला न काढताच, लंगडत, माझ्या पुढून आत गेला आणि सरळ फळीपाशी जाऊन वाकला. चिंचोका रागीट तोंडाखालीच होता. त्यानं तो बोटानं चाचपून पाहिला. मग माझ्याकडे वळून बघितलं, आणि तो तसाच तिथे राहू देऊन चपला काढायला दारात येऊन बसला.